एकवीस नग आणि चार देव

...आणि वर सगळे मलाच विचारतात, "जयसिंगा, तू बोलला का न्हाईस?" आता मला बोलता आलं असतं तर हे सगळं झालं असतं का, तुम्हीच सांगा. थांबा, आधी एक सांगायचं राहिलं. हे मी कागदावर लिहून आणलंय आणि बघून वाचतोय, कारण असं अंगणात चार माणसांपुढं उभं राहिलं की माझी जीभ टाळूला चिकटते. शाळा पाचवीत सुटली, तेव्हा शुद्धलेखन चुकलेलं असणार, त्याची माफी असावी. तुम्हाला ऐकताना ते कळायचं नाही म्हणा, पण मला वाचताना कळतंय आणि लाज वाटतेय. शब्दही साधेच आहेत, घरात बोलतो ते. पण सांगणं भाग आहे, कारण आपल्या मुठा गावात आता भलतंच चाललंय. गोजराबाई पाणवठ्यावर सांगत होती, की हैबतरावाच्या घरचे देव मालगाडीत बसून कोल्हापूरला गेले, अंबाबाईला भेटले आणि परत आले. कोल्हापूर कुठलं? देव पुण्याच्या मालधक्क्यावरून एक पाऊलसुद्धा पुढं गेलेले नाहीत. दोन दिवस तिथंच बसून होते. आणि सुटले. मीही सुटलो, तुम्हाला सांगतो, सुटलो.

झालं काय, की आमचे तात्या, म्हणजे माझे चुलते हैबतराव, सोसायटीचे चेरमन, त्यांच्याकडं गडहिंग्लजकडच्या एका सोसायटीचं पत्र आलं. आम्हाला आंबेमोहोराचं बियाणं पाहिजे, मुळशीचंच पाहिजे, एकवीस गोणी, मृगाच्या आधी. मृगाच्या आधी म्हणजे आधीच, नंतर पोचलं तर ते भात पेरायचं कुठं, डोक्यावर? तेव्हा रेल्वेनं कोल्हापूरपर्यंत पाठवायचं ठरलं. आता रेल्वेनं पाठवायचं म्हणजे कुणीतरी मालधक्क्यावर जायचं. तात्यांनी सगळीकडं बघितलं आणि मग माझ्याकडं बघितलं. म्हणाले, "जयसिंगा, तुझं अक्षर बरं हाय. तू जा." अक्षर बरं असल्याचा आणि मालधक्क्याचा काय संबंध? तिथं बोलावं लागतं, मोठ्यानं बोलावं लागतं. पण हे मी कुणाला म्हणालो? मनात म्हणालो. मी सगळं मनातच म्हणतो, तीच तर अडचण आहे.

तर वीस गोण्या रंभाबाईनं शिवून दिल्या. रंभाबाईची शिवण तुम्हाला माहीत आहे, एका रेघेत, मुंग्यांची रांग चालल्यासारखी. एकविसावी गोणी राहिली, कारण तिला दोन पायली भात कमी पडत होतं. ती माजघरात देवघराला टेकून उघडीच उभी होती. आणि त्याच दिवशी आमची काकी, सगुणाबाई, नांद्याला भाचीच्या लग्नाला निघाली, चार दिवसांसाठी, सगळं घर घेऊन. मी एकटा मागं. आता घरात पूजेला कुणी नसलं की बायका काय करतात? देव भातात ठेवतात. तुमच्याकडंही ठेवतात, सगळ्यांकडं ठेवतात. देव धान्यात बसले की रोजची पूजा चुकली तरी दोष नाही, ते आपले निवांत. आमच्याकडं देव दरवेळी कणगीत ठेवतात. मला हे कुणी सांगायची गरज नाही, मला लहानपणापासून माहीत आहे. पण यंदा कणगी रिकामी करून काकीनं शेणामातीनं लिंपून वाळत ठेवली होती, आणि हे मला माहीत नव्हतं. मग काकीनं काय केलं? समोर बियाण्याचं नवं, निवडलेलं, सोन्यासारखं भात उघडं दिसलं. तिनं चारही टाक घेतले, चांदीचे, भवानी, भैरोबा, खंडोबा आणि आमचा घरचा वीर, हात जोडले आणि कोपरापर्यंत हात घालून गोणीत बसवले. फडक्यात गुंडाळलेसुद्धा नाहीत, देवाचा जीव गुदमरायला नको म्हणून. आणि गाडीत बसून गेली. ती गोणी कोल्हापूरला जायची आहे हे तिला मी सांगितलं होतं का? सांगणार होतो. ती गडबडीत होती, बायका होत्या चार, मी दारात उभा राहिलो, घसा खाकरला आणि गोठ्यात गेलो.

दुसऱ्या दिवशी मी दोन पायली भात घातलं, दाभण घेतलं, गोणी शिवली. मी शिवली म्हणजे काय, विचारू नका. एक टाका पुण्याला, एक पौडाला. भूगावच्या कुशाबाचा ट्रक आला, एकवीस गोण्या चढवल्या आणि निघालो. चार देव खाली भातात, आणि वर गोणीवर मी, पाय सोडून. आता आठवलं की अंगावर काटा येतो, पण तेव्हा गार वारा लागत होता.

आता मालधक्का कसा असतो हे तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी बघितलेलं नसेल. मीही नव्हता बघितला. एक लांबच लांब दगडी ओटा, वर पत्रे, एका अंगाला ट्रक आणि बैलगाड्या, दुसऱ्या अंगाला रूळ आणि त्यावर लोखंडी डबे, त्यांना तिथं वाघिणी म्हणतात. आणि ओट्यावर काय नाही? मुंबईची मोठ्या रुळाची गाडी इथवर येते, मिरज-कोल्हापूरची लहान रुळाची गाडी इथून सुटते, आणि एकीचा डबा दुसरीच्या रुळावर चालत नाही. म्हणजे इकडचा माल हमालांनी पाठीवरून काढायचा आणि तिकडं भरायचा. कौलं, मीठ, काडेपेट्या, रॉकेलचे डबे, कोल्हापूरच्या गुळाच्या ढेपा, कसल्या कसल्या लोखंडी सळया. मी बघत उभा राहिलो आणि माझ्या लक्षात आलं, की आपल्या गावात वाण्याकडं जे काही आहे ना, ते सगळं एकदा या ओट्यावर बसून आलंय. आपण म्हणतो वाण्याकडनं मीठ आणलं. वाण्यानं कुठनं आणलं? हा ओटा दोन दिवस बंद पडला तर मुळशीत कालवण अळणी. हे मला कुणी शाळेत शिकवलं नव्हतं. शिकवलं असेल, सहावीत.

तर तिथं एक मालबाबू, चष्मा कपाळावर, पेन्सिल कानावर. मी गेलो. ते म्हणाले, "काय माल?"

मी सांगितलं.

"काय?"

मी परत सांगितलं.

"अहो, मोठ्यानं बोला, इथं इंजिनं ओरडतायत. काय माल?"

"भात. बियाण्याचं."

"नग किती?"

आता नग म्हणजे काय ते मला कुठं ठाऊक? मागचा माणूस म्हणाला, "गोन्या किती त्या सांग की बाबा, लायनीत म्हातारा व्हईन मी." मी म्हणालो एकवीस. त्यांनी लिहिलं: भात बियाणं, नग एकवीस. मग तोललं. मण-शेर गेले, आता किलो आलेत, त्यामुळं तोलणाराही गोंधळलेला आणि मीही. एक हमाल गोणी ठेवताना म्हणाला, "हिच्यात कायतरी वाजतंय." मी म्हणालो, भात आहे, वाजणारच. म्हणालो म्हणजे मनात. मग बाबूंनी बिल्टी दिली. बिल्टी म्हणजे पावती, ती ज्याच्या हातात, माल त्याचा. ती मी तात्यांनी सांगितल्याप्रमाणे तिथल्या तिथं पाकिटात घातली आणि गडहिंग्लजला रजिस्टर करून टाकली. "आणि गाडी कधी?" एवढं मात्र मी धीर करून विचारलं. बाबू म्हणाले, "वाघीण शिल्लक नाही. आज नाही, उद्या नाही, शुक्रवारी चार वाजता." मी घरी येईपर्यंत त्या वाघिणीला शिव्या देत आलो. दोन दिवस माल ओट्यावर, काय हा कारभार. आता त्या वाघिणीला हार घालावासा वाटतो. ती वेळेवर आली असती तर... नको, ते बोलायलाच नको. सुटलो, तुम्हाला सांगतो, सुटलो.

शुक्रवारी सकाळी घरचे सगळे परत आले. काकीनं पायावर पाणी घेतलं आणि सरळ माजघरात. मी ओसरीवर राखेनं दात घासत होतो. आतनं आवाज आला, "जयसिंगा, हितली गोनी कुटं हाय रं?"

मी म्हणालो, "पाठवली."

"कुटं पाठवली?"

"कोल्हापूरकडं. बियाण्याची होती ना."

मग काकी बाहेर आली आणि उंबऱ्यावर बसली. अशी बसली, की मी तिला तशी बसलेली माझी आई गेली तेव्हाच बघितली होती. आई गेल्यापासून हिनंच मला वाढवलं. म्हणाली, "तिच्यात देव व्हते."

तात्या म्हणाले, "आगं, कणगी सोडून गोणीत?"

"कणगी वली व्हती. वल्या कणगीत देव ठिवू?" मग माझ्याकडं बघून म्हणाली, आणि रागावून नाही, रागावली असती तर बरं झालं असतं, म्हणाली, "लेकरा, तुझी चूक न्हाई. पर देव घरात येईस्तवर मी तोंडात पानी घेनार न्हाई." आणि पदर डोक्यावर ओढून तिथंच बसून राहिली. वैशाखाचं ऊन, रात्रभर बैलगाडीचा प्रवास, पन्नाशी उलटलेली बाई, आणि आमच्या काकीचा शब्द म्हणजे शब्द, तो गिळायची तिला सवय नाही. तात्या म्हणाले, "चूळ तरी भर." तिनं चूळसुद्धा भरली नाही.

मी तसाच निघालो. तोंडात राख तशीच. पिरंगुटापर्यंत पळत, तिथनं एस. टी., मालधक्क्यावर पोचलो तेव्हा अडीच वाजलेले. आणि बघतो तर आमच्या गोण्या ओट्यावर नाहीत. वाघीण आली होती, माल आत गेला होता, फक्त दार लावून सील मारायचं राहिलं होतं.

बाबूंपुढं उभा राहिलो. म्हणालो, "माझे देव गोणीत आहेत."

"काय?"

"देव."

"मोठ्यानं."

"देव आहेत, चांदीचे, चार, आमच्या एका गोणीत."

बाबूंनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला. "चांदी? माल लिहून देताना चांदी सांगितली होती?"

"नाही."

"मग आत चांदी नाही."

"आहे हो."

"हे बघा, आत चांदी असेल तर तुम्ही खोटं लिहून दिलंत, आणि तो गुन्हा आहे. आत चांदी नसेल तर गोणी उघडायचं कारण नाही. यातलं कुठलं लिहू?"

आता याला काय उत्तर देणार? तुम्हाला सुचतंय? मला अजून सुचलेलं नाही. मी म्हणालो, कुठलंच लिहू नका. ते म्हणाले, "बिल्टी आहे?" मी म्हणालो, ती रजिस्टरनं गेली. ते म्हणाले, "मग माल तुमचा राहिलाच नाही. तो आता त्यांचा." म्हणजे आमचा खंडोबा आता गडहिंग्लजच्या सोसायटीचा. भवानी त्यांची, भैरोबा त्यांचा, आमचा वीर, जो आमच्याच घरात जन्मला, तोही त्यांचा. बाबू माणूस वाईट नव्हता, तुम्हाला सांगतो, त्यांचा आवाजही पडला होता, पण समोर कागद होता आणि कागदावर नग एकवीस होते, देव नव्हते. मी तिथंच खाली बसलो. मला रडू आलं, खोटं कशाला सांगू.

तेवढ्यात मागनं कुणीतरी म्हणालं, "कंच्या गावचा रं तू?"

बघतो तर हमालांचा मुकादम. धुळा त्याचं नाव, आपल्याच डोंगरातला धनगर, पावसाळ्यात मेंढरं घेऊन वर असतो आणि उन्हाळ्यात इथं. मी म्हणालो, मुठ्याचा, हैबतरावांचा पुतण्या. मग त्याला सगळं सांगितलं, आणि कसं कोण जाणे, त्याला मोठ्यानं सांगावं लागलंच नाही, पुटपुटलेलंही कळलं. काकीनं पाणी सोडलंय म्हटल्यावर त्यानं डोक्याचं पागोटं काढलं. म्हणाला, "गोनी कशी हाय वळखायला?"

मी म्हणालो, "वीस गोण्या नीट शिवलेल्या आहेत. ती मी शिवली."

धुळा म्हणाला, "म्हंजी ती वाकड्या टाक्याची? सुतळी भायेर लोंबतीया ती?"

"हो."

"आरं द्येवा." त्यानं दोन्ही कान धरले. "दोन दीस मी तिच्यावरच बसून तंबाखू मळतोय रं. सुतळी धोतरात अडकत व्हती म्हनून शिव्याबी घातल्या."

मग तो बाबूंकडं गेला. मी मागं उभा. म्हणाला, "बाबूसाहेब, मुठ्याची एक गोनी फुटलीया."

बाबू म्हणाले, "कुठली?"

"आजून फुटायचीया."

बाबूंनी वर पत्र्याकडं बघितलं. वर काहीच नव्हतं, एक चिमणी होती. मग पत्र्यालाच सांगितल्यासारखं म्हणाले, "फुटकी गोणी माझ्या समोर शिवून घेतल्याशिवाय मी वाघिणीला सील मारत नाही. नियम आहे. पण चारला इंजिन लागतं, आणि इंजिन कुणासाठी थांबत नाही, तोही नियम आहे."

घड्याळात सव्वातीन. आणि आमच्या गोण्या पहिल्या भरलेल्या, म्हणजे पार आत, त्यांच्यापुढं सळया, सळयांपुढं कापडाचे गठ्ठे. धुळानं शीळ घातली. कुठनं कुठनं हमाल आले, कुणी मिठाकडनं, कुणी कौलांकडनं. गठ्ठे काढले, सळया काढल्या. "मुकादम, कशाला रं?" "गड्यांनो, बोलू नगा, देव काढायचेत." एवढं ऐकलं की पुढचा विचारायचाच नाही, पायातलं पायताण काढायचा आणि कामाला लागायचा. वाकड्या टाक्याची गोणी बाहेर आली. धुळानं ताडपत्री अंथरली, सुतळी ओढली, माझी शिवण एका ओढीत सुटली, त्याबद्दल कुणी काही बोललं नाही, आणि भात ओतलं. दहा-बारा जण बसले वाकून, भातात हात घालून. भवानी निघाली. एकानं कपाळाला लावली. वीर निघाला. भैरोबा निघाला. खंडोबा निघेना.

भात इकडचं तिकडं, तिकडचं इकडं. खंडोबा नाही. तीन देव धुळाच्या पागोट्यावर ठेवलेले, चौथा नाही. आणि तिकडनं इंजिन आलं, शिट्टी मारत, मागं मागं सरकत. बाबू म्हणाले, "आटपा." एक म्हातारा हमाल म्हणाला, "तीन तर गावले, तीनावर भागव." आता देवात काय भागवाभागवी असते? घरी काकी उंबऱ्यावर बसलेली, तिला मी काय सांगू, की काकी, पाऊणभर पाणी पी? इंजिन वाघिणीला भिडायला आलं, आणि तुम्हाला सांगतो, माझं मलाच कळलं नाही, मी उभा राहिलो आणि ओरडलो.

"थांबा, आमचा खंडोबा राहिलाय!"

जन्मात एवढा मोठा आवाज माझ्यातनं निघाला नव्हता. असा आवाज माझ्यात आहे हेच मला ठाऊक नव्हतं. सगळा मालधक्का वळला. मीठवाले वळले, कौलंवाले वळले, आणि इंजिनसुद्धा थांबलं. ड्रायव्हर बाहेर वाकून विचारतोय, "कौन रह गया?" त्याला वाटलं कुणी माणूस डब्याखाली राहिला. त्याला समजावून सांगेपर्यंत धुळानं रिकामी गोणी उचलली, उलटी केली आणि झटकली. गोणीला खालच्या कोपऱ्यात कान असतो ना, शिवणीतला, त्या कानात खंडोबा अडकून बसला होता. टणकन् पडला दगडावर. घोड्यासकट.

मग मात्र मी तिथंच बसलो. सुटलो, एवढंच म्हणत होतो म्हणे. सुटलो, सुटलो.

भात परत भरलं. एका हमालानं गोणी शिवली, माझ्या हातात दाभण कुणी दिलं नाही. दार लागलं, सील लागलं, गाडी चार वाजून वीस मिनिटांनी सुटली. बाबूंनी वहीत काय लिहिलं ते मी विचारलं नाही. पण जाताना त्यांनी हात पुसले, खंडोबा तळहातावर घेतला, डोळ्यांना लावला. म्हणाले, "आमचंही कुलदैवत हेच." आणि लगेच दुसऱ्याला, "हां, काय माल?"

देव उपरण्यात बांधून पोटाशी धरले आणि एस. टी.त उभ्यानं आलो, बसायला जागा होती तरी. दिवे लागायच्या सुमाराला घरी पोचलो. काकी होती तिथंच होती. ओठ सुकून पांढरे झालेले. मी उपरणं पुढं केलं. तिनं चारही देव मोजले, धुतले, देवघरात बसवले, दिवा लावला, आणि मग तांब्याभर पाणी घेतलं आणि एका दमात प्याली. तात्यांनी तोंड फिरवलं आणि उगाच बैलावर ओरडले.

मग काकी म्हणाली, "कुनी हुडकलं रं देव?"

मी धुळाचं नाव सांगितलं. आणि बाकीचे हमाल होते, म्हटलं.

"मग त्यास्नी आयतवारी जेवाया सांग. ज्याचा ज्याचा हात देवाच्या भाताला लागला त्या समद्यास्नी. पुरन घालते मी. तिथं जाऊन, एकेकाचं नाव घिऊन सांगायचं. चिठ्ठी न्हाई धाडायची."

मी म्हणालो, काकी, मला एवढ्या लोकांत नाही बोलता यायचं. हे मी खरंच म्हणालो, तोंडानं. तर म्हणते कशी, "खंडोबासाठी वरडलास त्ये काय कमी लोक व्हते?" बातमी कुशाबाच्या ट्रकवरनं माझ्या आधी पोचली होती.

तर आज सकाळी पहिल्या एस. टी.नं मी परत मालधक्क्यावर गेलो, ओट्यावर उभा राहिलो, डोळे मिटले आणि मोठ्यानं म्हणालो, ज्यांचा ज्यांचा हात काल भाताला लागला त्यांनी रविवारी मुठ्याला पुरणपोळी खायला यायचं. डोळे उघडले. बेचाळीस हात वर. त्यातले निम्मे काल कामावरसुद्धा नव्हते. एकेकाचं नाव विचारलं, एकेकाला आवतण दिलं, मालबाबूंना दिलं, त्या इंजिनाच्या ड्रायव्हरलाही दिलं, तो मंडळी घेऊन येतो म्हणाला. एकही नाही म्हणाला नाही. काकीनं दहा माणसांची डाळ भिजत घातलीय, आणि तिला मी अजून सांगितलेलं नाही... तेव्हा तुमच्यापैकी कुणाकडं मोठं पातेलं असेल तर उद्या घेऊन या, आणि आत जाऊन तिला तुम्हीच सांगा.